बसून घालायचे कपडे

संध्या अहिरेला कपड्यांचा नाद होता, हे नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. वीजकेंद्राच्या चिमण्यांखालची ती वस्ती. सकाळी दोरीवर घातलेलं पांढरं कापड संध्याकाळी काढायला गेलं की बोटांना राख लागायची. अशा जागेतून ही पोरगी रोज कडक इस्त्रीचा कुर्ता घालून, ओढणीला एक चुणी पडू न देता कामाला निघायची. कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात ती होती, आणि काचेतल्या पुतळ्यांना कपडे चढवायचं काम मालकाने तिच्यावरच सोपवलं होतं. सुट्टीच्या दिवशी ती धाकट्या बहिणीला, हर्षालीला, सोबत न्यायची. "पुतळा मुकाट उभा राहतो म्हणून त्याला काहीही गुंडाळायचं नसतं, हर्षू," तोंडात टाचण्या धरून ती सांगायची. "आधी त्याचे खांदे बघायचे. मग कापडाला हात लावायचा." हर्षालीला कापडाची गोडी लागली ती तिथे.

मग अपघात झाला. कामावरून परतताना सिन्नर फाट्याच्या पुढे रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. तिला मागे दिवा नव्हता. संध्याची स्कूटी थेट तिच्यात घुसली. दवाखान्यात महिना काढल्यावर डॉक्टरांनी वीजकेंद्रात कामाला असलेल्या वडिलांना, हिरामणला, बाजूला घेतलं आणि सांगितलं की कंबरेच्या खाली आता काही परत येणार नाही. पाय नाहीत, लघवीची जाणीवही नाही. "जीव वाचला हेच खूप," भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा. संध्या भिंतीकडे तोंड करून ऐकायची.

घरी आल्यावर तिला गाऊन आला. सोयीचा पडतो म्हणून आईनेच बाजारातून फुलाफुलांचे गाऊन आणले. संध्याने एकदा सलवार घालून बघितली, तर चाकांच्या खुर्चीत बसल्यावर ती पाठीकडून खाली सरकली आणि पुढे पोटावर कापडाचा बोळा झाला. जीन्सच्या मागच्या जाड शिवणीने कातडी लाल झाली. जिथे जाणीवच नाही तिथे कातडी लाल होणं म्हणजे जखमेला आवतण. शिवाय लघवीची पिशवी लपवायला कशातच जागा नव्हती. तेव्हापासून गाऊन तो गाऊन. दार वाजलं की ती मांडीवर चादर ओढून घ्यायची.

आईचं माहेर सटाण्याकडचं. तिकडे मावसभावाचं लग्न निघालं तेव्हा संध्याने सरळ सांगितलं, "तुम्ही जा. मी काय गाऊन घालून मांडवात बसू?"

हर्षाली तेव्हा बारावी होऊन घरात बसली होती. तिने आईची मोरपंखी साडी मागून घेतली, शेजारणीचं मशीन मागितलं आणि साडी कापली. आई डोक्याला हात लावून बघत राहिली. निऱ्या पुढे शिवून टाकलेल्या, बसायच्या जागी मऊ सुती कापड आणि तिथे एकही शिवण नाही. बाजूने उघडणारी, आतून मांडीलगत पिशवीसाठी खिसा. पुढचा भाग आखूड, मागचा लांब. उभ्या बाईने ती नेसली असती तर ध्यान दिसलं असतं. बसलेल्या संध्यावर ती अशी बसली की आई आत गेली आणि कुंकवाची डबी घेऊन बाहेर आली.

लग्नात नवरीकडची एक बाई संध्याजवळ येऊन टेकली. पदर चिमटीत धरून म्हणाली, "कुठून घेतली हो साडी?" बस, एवढंच. परतीच्या जीपमध्ये संध्या चांदवडपर्यंत पदर चाचपत बसली. मग म्हणाली, "दोन वर्षांत पहिल्यांदा 'कसं झालं' असं नाही विचारलं कुणी. 'कुठून घेतली' विचारलं."

त्या एका वाक्यावर हर्षालीने पुढचं आयुष्य बेतलं. गंगापूर रोडच्या फॅशन डिझाइन कॉलेजात तिने प्रवेश घेतला. सकाळी वस्तीतून बस धरायची, नाशिकरोडला बदलायची, द्वारका चौकाच्या गर्दीत अडकायचं, आणि कॉलेजात पोचेपर्यंत कपड्यांची पार रया जायची. पण तिच्या डोक्यात एक दुकान पक्कं झालं होतं. त्या दुकानाच्या दाराला पायरी नसेल. ट्रायल रूममध्ये खुर्ची गर्रकन वळेल. ज्याचा एक हात नाही त्याला गुंडी लावायला दुसऱ्याची वाट बघावी लागणार नाही. आणि काचेत एक पुतळा बसलेला असेल.

"पुतळ्यांचं खातं तुझं, ताई," ती संध्याला म्हणायची.

"मालकीण तू, मग माझ्यावर डाफरशील."

"तू डाफरू देशील का?"

संध्या हसायची. ती आता हर्षालीने शिवलेले कपडे घालायची. तिच्यासाठी शिवलेला प्रत्येक कपडा आधी तिच्या तोंडून नापास व्हायचा. बगलेत घट्ट होतोय, चाक ढकलताना बाही मळेल, हा रंग दवाखान्याचा आहे, काढ. हर्षाली चिडायची, उसवायची, पुन्हा शिवायची. कॉलेजात तिला शिकवणारे होते ते उभ्या माणसाचं माप शिकवायचे. बसलेल्या माणसाचं माप ती घरी शिकली.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचं कलेक्शन करायचं होतं. वर्षाअखेरीस मोठा शो व्हायचा, बाहेरून कोरिओग्राफर यायचा, आणि शोला पैसा लावणारी कपड्यांची कंपनी एका विद्यार्थ्याला नोकरी द्यायची. हर्षालीने आपल्या कलेक्शनला 'बैठक' असं नाव दिलं. सगळे कपडे बसून घालायचे, आणि घालणारेही खरोखर बसणारे. वर्गात कुणीतरी मागून म्हणालं, "मार्केट कुठंय पण याला?" रेहाना मॅडमनी मात्र ऐकून घेतलं. त्या डिझाइन शिकवायच्या, बोलायला तुटक, पण विद्यार्थ्यासाठी ऑफिसात भांडणाऱ्या. "कर," त्या म्हणाल्या. "पण रडका करू नकोस. मला दया नकोय स्टेजवर, कपडे हवेत."

हर्षालीला वाटलं, आपलं कुणीतरी भेटलं.

संध्याशिवाय तिला आणखी एक जण मिळाले, फारुखभाई. नाशिकरोडला स्टेशनच्या बाजूला त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. लहानपणापासून चाकांच्या खुर्चीत. त्यांनी आधी हसण्यावारी नेलं. मग त्यांची मुलगी म्हणाली, "अब्बू, टीव्हीसारखं?" आणि ते तयार झाले. हर्षालीने त्यांच्यासाठी बंद गळ्याचं जाकीट शिवलं, पोटावर गोळा न होणारं. संध्यासाठी गर्द जांभळ्या रंगाचा लांब कोट आणि खाली फिकट राखाडी पायजमा. राखेचा रंग संध्यानेच सुचवला. "आपल्याकडे फुकट मिळतो तो," ती म्हणाली.

त्या कोटावर दोघींनी हिवाळा घालवला. पाठ लांब, पुढून आखूड, कोपरात मोकळा, मनगटाला घट्ट. संध्या आरशासमोर खुर्ची पुढेमागे करून बघायची. तयार झाला त्या दिवशी तिने तो घालून अंगणात चक्कर मारली. समोरच्या घरातल्या आक्काबाई ओट्यावरून ओरडल्या, "कुठं निघाली गं वरात?"

"गंगापूर रोडला, मावशी. स्टेजवर," संध्या म्हणाली.

शोच्या आधी दोन दिवस तालीम ठेवली होती. जागा म्हणजे लग्नाचं लॉन. तिथे लाकडी स्टेज ठोकून लांबलचक पट्टी पुढे काढली होती. रॅम्प म्हणतात त्याला, पण वर चढायला पाच पायऱ्या होत्या आणि उतार कुठेच नव्हता. हर्षालीने मांडववाल्याला विचारलं. तो म्हणाला, "उताराचं कुणी बोललंच नाही, ताई. आता फळ्या नाहीत शिल्लक."

मुंबईहून आलेला कोरिओग्राफर शेखर हसतमुख माणूस होता. सगळ्यांना नावाने हाक मारायचा. हर्षालीचं कलेक्शन त्याने रॅकवर सरकवत सरकवत पाहिलं, जांभळ्या कोटावर थांबला आणि म्हणाला, "सुंदर! हा शेवटी येणार. पण व्हीलचेअरची खरी माणसं वर कशी चढवायची? चौघांनी उचलून? ते बरं दिसेल का? आणि माझ्याकडे एका सिक्वेन्सला तीन मिनिटं आहेत."

"उतार करून घेऊ सर. मी वडिलांना सांगते, ते फळ्या आणतील."

"अगं ऐक तर. माझ्या डोक्यात काय आलंय." त्याने डोळे मिटून हात हवेत धरले. "अंधार. एकच दिवा. खुर्चीत आपली मॉडेल बसलेली, मान खाली. बासरी. आणि मग म्युझिक चढतं आणि ती हळूहळू उठते. उभी राहते. चालत येते! लोक वेडे होतील."

हर्षालीला आधी कळेना की तो काय म्हणतोय. कळलं तशी ती म्हणाली, "सर, पण हे कपडे उठायला नाहीत. ज्यांना उठता येत नाही त्यांच्यासाठी आहेत. तीच तर..."

"आशा विकली जाते, बेटा," शेखर मायेने म्हणाला. "आणि उभं राहिल्यावर तो कोट मागून लोंबतोय, तेवढं नीट करून घे. पुढून लांब कर."

कंपनीचे मालक समोरच्या खुर्चीत चहा पीत होते. त्यांनी मान हलवली. "उठायची आयडिया टॉप आहे," ते म्हणाले.

रेहाना मॅडमनी तिला बाजूला नेलं. तिथे फुलांच्या कमानीचा सांगाडा पडला होता. मॅडमचा चेहरा उतरला होता, हे हर्षालीला पुढे कित्येकदा आठवलं. "मी भांडले असते," त्या म्हणाल्या. "सकाळपासून भांडतेच आहे. उताराचं मी महिन्यापूर्वी कळवलं होतं. पण आता तू नाही म्हणालीस तर सिक्वेन्स कापतील, झालं. तुझं तीन वर्षांचं काम गाठोड्यात जाईल. निदान कपडे तरी दिसू देत. नाव दिसू दे. नोकरी लागली की आतून बदलता येतं, हर्षाली. बाहेरून नाही बदलता येत."

"ताईला काय सांगू?"

 मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

हर्षालीने एक रात्र विचाराला मागितली असती तर कदाचित मिळालीही असती. तिने मागितली नाही. ती कोट घेऊन कॉलेजच्या शिलाईच्या खोलीत गेली. मशीनवर बसली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. मग पाठीची शिवण उसवली. मागचं लांबलेलं कापड मॉडेलच्या मापाने कापलं, पुढे पट्टी जोडली, कंबर आत घेतली. पिशवीचा आतला खिसा मॉडेलला टोचत होता, तोही काढला. काम सफाईने झालं. तिचा हात चांगलाच बसला होता आता.

फारुखभाईंना तिने फोन केला. स्टेजला उतार नाही म्हणून तुम्हाला चढवता येणार नाही, असं सांगितलं. तेवढं खरंच होतं.  "बरं," ते म्हणाले. "मुलीला सांगतो तसं."

घरी संध्याला तिने तेच सांगितलं. "तू पहिल्या रांगेत बसायचं. शेवटी आपल्याला दोघींना बोलावतील." उठण्याचं तिने सांगितलं नाही. संध्याने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"मग कोट कोण घालणार?"

"मॉडेल. खुर्चीत बसूनच."

"तिला बसेल का? माझ्या मापाचा आहे तो."

"थोडा सैल पडेल," हर्षाली म्हणाली आणि ताट वाढून घ्यायला उठली.

शोच्या दिवशी हिरामणने ओळखीची रिक्षा केली. संध्या जुना निळा कुर्ता घालून आली होती, कानात मोती. लॉनवर नुकतंच पाणी मारलं होतं. खुर्चीची चाकं गवतात रुतली, तेव्हा हिरामणने आणि रिक्षावाल्याने खुर्ची ओढत पहिल्या रांगेच्या टोकाला नेऊन लावली. हर्षाली पडद्याच्या फटीतून बघत होती. ताईने चाकाला लागलेला चिखल रुमालाने पुसला, रुमाल घडी करून ठेवला आणि मान उंच करून स्टेजकडे पाहू लागली.

शेखरने सांगितलं होतं तसंच सगळं झालं. अंधार, एक दिवा, बासरी. कॉलेजने दवाखान्यातून भाड्याने आणलेली खुर्ची, तिच्यात जांभळ्या कोटातली उंच मुलगी, मान खाली घातलेली. मग ढोल सुरू झाला. मुलीने खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले, कष्टाने उठल्याचा अभिनय केला, डळमळली, सावरली आणि ताठ उभी राहिली. खुर्ची तिने पायाने मागे ढकलली. ती घरंगळत जाऊन पडद्यावर आपटली. मुलगी हसत, कोटाचा घोळ उडवत चालत पुढे आली.

लोक उभे राहिले. लॉनभर टाळ्या उसळल्या. सगळे उभे राहिल्यामुळे संध्या दिसेनाशी झाली. फटीतून हर्षालीला फक्त पाठी दिसत होत्या. टाळ्या थांबून लोक पुन्हा बसले तेव्हा संध्याच्या शेजारची एक भरजरी साडीतली बाई डोळे पुसत होती. ती वाकली, संध्याचा हात हातात घेतला आणि काहीतरी बोलली. संध्याने मान डोलावली.

निवेदिकेने हर्षालीचं नाव पुकारलं. पारितोषिक मिळालं, कंपनीच्या मालकांनी नोकरी जाहीर केली. संध्याचं नावही घेतलं, "या कलेक्शनची प्रेरणा" म्हणून, आणि दिवा तिच्यावर मारला. प्रकाशात संध्या टाळ्या वाजवत होती. ती वाजवत राहिली, दिवा दुसरीकडे वळेपर्यंत.

 रिक्षाने नाशिकरोड ओलांडल्यावर हिरामण म्हणाला, "चांगलं झालं. नोकरी लागली." घरी आईने दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग संध्या खुर्ची ढकलत आतल्या खोलीत गेली. हर्षाली तिच्या मागे गेली.

"त्या बाई काय म्हणत होत्या गं तुला?" तिने विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"'तुम्हीपण उठाल हो एक दिवस.' श्रद्धा ठेवा म्हणाली. त्र्यंबकला कुणीतरी आहे, अंगारा देतो." संध्याने कानातले मोती काढले. "पाठ किती कापलीस?"

"ताई..."

"विचारतेय ते सांग."

"वीतभर."

"तुकडा आहे?"

"नाही. तिथेच टाकला."

"आतला खिसा?"

"तोही काढला."

"म्हणजे मला आता तो घालता येणार नाही," संध्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. दुकानात मालकाला शिलकीचा माल सांगावा तसा होता. "स्टेजला पायऱ्या होत्या, त्यात तुझा दोष नाही. तो माणूस मूर्ख होता, त्यातही नाही. मला तू आधी एवढंच सांगितलं असतंस, ताई, असं असं करतायत, तर मी सांगितलं असतं, घे नोकरी. खरंच सांगितलं असतं. शिव्या देऊन सांगितलं असतं. पण तू मला तिथे नेऊन बसवलंस. नटूनथटून. मला वाटलं ती मुलगी खुर्चीतून पडतेय. मी दचकले, हर्षू. मी हात पुढे केला."

हर्षाली रडू लागली. संध्याने तिला रडू दिलं, थोपटलं नाही. मग म्हणाली, "दिवा बंद कर जाताना."

चार दिवसांनी सटाण्याहून मावशीचा फोन आला. शोच्या व्हिडिओतला तो तुकडा कुणीतरी मोबाइलवर टाकला होता आणि तो फिरत फिरत बागलाणात पोचला होता. अंधुक प्रकाशात चेहरा नीट दिसत नव्हता, वर नाव अहिरे. मावशी हर्षाने अहिराणीत ओरडत होती, सगळ्या घराला ऐकू येत होतं. "ताई, आपली संध्या उभी ऱ्हायनी! मी दखं मोबाइलमा! गावभर पेढा वाटी दिन्हा मी!"

आई फोन कानाला धरून उभी होती.  "नई वं बहीण," ती शेवटी म्हणाली. "ती नई शे. दुसरी पोर शे ती." मावशीला पटेना. आईला ते तीनदा सांगावं लागलं. संध्या तिथेच बसून शेंगा सोलत होती. ती सोलतच राहिली.

त्या दिवसापासून तिने हर्षालीने शिवलेले कपडे घालणं सोडलं. पुन्हा गाऊनवर आली. हर्षालीने एकदा टेप घेऊन विचारलं, "नवीन कोट बेतू का? तसाच?" संध्या म्हणाली, "माप घेऊ नको माझं."

हर्षाली नोकरीवर रुजू झाली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचा मोठा कारखाना होता, आत शंभरेक मशीनं. तिला लग्नाच्या घागऱ्यांच्या विभागात टाकलं. महिनाभराने तिने मालकांना बसून घालायच्या कुर्त्याचा नमुना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "कल्पना चांगलीय. पण ऑर्डर कुणाची आहे?" ते म्हणाले. "सीझन होऊन जाऊ दे, मग बघू." सीझन झाला. दुसरा आला. नमुना त्यांच्या केबिनमधल्या कपाटावर पडून राहिला, मग एक दिवस तिथे नव्हता. कंपनीने त्या शोचा फोटो मात्र जाहिरातीत वापरला. जांभळा कोट, उभी मुलगी, मागे पडलेली खुर्ची. खाली लिहिलं होतं, 'फॅशन सगळ्यांसाठी'. तो फलक द्वारकेला लागला. हर्षालीची बस रोज त्याच्या खाली अडकून राहायची.

रेहाना मॅडम एकदा भेटल्या तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, आतून बदलायला किती दिवस लागतात?" मॅडमनी नजर चुकवली नाही. "मला चौदा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "अजून पायऱ्याच आहेत."

पावसाळ्याच्या शेवटी संध्या गेली. पुण्याला एक वसतिगृह होतं, चाकांच्या खुर्चीवरच्या मुलींना कॉम्प्युटर शिकवून काम मिळवून देणारं. तिने सगळं फोनवर स्वतःच ठरवलं आणि ठरल्यावर घरात सांगितलं. आई रडली, हिरामण आधी चिडला आणि मग गाडी बघायला गेला. निघताना संध्याने बाजारातली तयार सलवार घातली होती, कंबरेला पिना लावून. ती मागून सरकत होती, ते हर्षालीला दारातूनच दिसलं. तिने पुढे होऊन सारखी करायला हात केला, तर संध्या म्हणाली, "राहू दे. मला जमतं."

गाडी वळली. आक्काबाई ओट्यावरून हात हलवत होत्या. वीजकेंद्राचा भोंगा झाला. हिरामणची पाळी होती, तो तसाच कामावर गेला.

त्यानंतर हर्षालीचं मन घागऱ्यांत लागेना. जिथे चुकून शिवण जड व्हायची तिथे तिला कातडी दिसायची. दिवाळीच्या तोंडावर, ऐन कामाच्या गर्दीत तिने नोकरी सोडली. आईला म्हणाली, घरीच मशीन टाकते. आई एवढंच म्हणाली, "ती घर मा नई, आन् तू आते घर मा बठशी."

हर्षाली सगळ्यात आधी फारुखभाईंच्या दुकानात गेली. शोनंतर ती तिकडे फिरकलीच नव्हती. त्यांनी तिला बसायला सांगितलं नाही. समोर एक फोन उघडून ठेवला होता. आधी त्यांनी तो जोडून पूर्ण केला.

"माझी मुलगी शाळेत सांगून आली होती," ते मग म्हणाले. "अब्बू स्टेजवर जाणार म्हणून. नंतर तिने तो व्हिडिओ बघितला. मला म्हणाली, अब्बू, त्या दीदी उठल्या, तुम्ही का नाही उठत? सहा वर्षांची आहे. काय सांगू तिला?"

"चूक झाली, फारुखभाई."

"झाली." त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर पुसून डबीत ठेवला. "ते जाकीट मी ईदला घातलं होतं. चांगलंय. खोटं का बोलू. पण जाकीट घालून मी रोज कुठे जाणार? या काउंटरमागे बारा तास बसतो मी. शर्ट पाठीतून वर चढतो, कंबर उघडी पडते, गिऱ्हाइकांना दिसतं. स्टेजबिज राहू दे. इथे घालायचा शर्ट शिवून दे."

तिने तिथेच, काउंटरच्या आत शिरून त्यांचं माप घेतलं. बसलेल्या खांद्यांचं, बसलेल्या पाठीचं, बसलेल्या पोटाचं. दारात गिऱ्हाइकं थांबली होती. एकाने विचारलं काय चाललंय, फारुखभाई म्हणाले, "शर्ट." शर्ट झाला. मग त्यांच्या ओळखीतल्या एका बाईचा ब्लाउज, मग देवळालीच्या एका म्हाताऱ्या फौजींचा पायजमा. महिन्याला दोन कामं यायची, कधी एक. उरलेल्या वेळात ती वस्तीतल्या बायकांचे फॉल-पिको करायची. दुकानाचं नाव तिने अजून कुणाजवळ काढलं नव्हतं.

दिवाळीला संध्या आली नव्हती, संक्रांतीलाही आली नाही. सुट्टी नाही म्हणाली. संक्रांत झाल्यावर तिचा आईला फोन आला. ती नेहमी आईलाच करायची, आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून बोलायची. हर्षाली मशीनवर होती. तिने पाय थांबवला, म्हणजे ऐकू येईल. जेवण कसं आहे, खुर्चीचं चाक दुरुस्त झालं का, थंडी पडली का. मग आई बराच वेळ नुसतं हूं हूं करत राहिली आणि फोन ठेवून बाहेर आली.

"फारुखभाईनी तिले शर्टना फोटो धाडेल व्हता म्हणे," आई म्हणाली. "ती म्हणे, कॉलर मांगे जास."

"बरं. कॉलर मागे जाते, बघते. आणखी काय म्हणाली?"

आईने आठवून पाहिलं. बाहेर दोरीवरचे कपडे काढायची वेळ झाली होती, तिची नजर तिकडे गेली.

"काही नई," ती म्हणाली. "तेवढंच."